सुही ब्रोदचे गोल आत्मे

बल्गेरियातल्या आमच्या सुही ब्रोद गावात माणसं एकशे अठ्ठावन्न, आणि त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात त्यातली एकशे चाळीस तरी हजर होती. उरलेल्यांपैकी काही अंथरुणाला खिळलेले होते आणि बाकीच्यांचं सरपंचांशी बोलणं नव्हतं. पडदे ओढून घेतले होते. समोर टेबलावर वाचनालयाचा टीव्ही, टीव्हीला लावलेली पिवळी वायर, आणि जरा पुढे पांढऱ्या सुटातला बंधू एव्लोगी. त्याच्या सुटाच्या बाह्या इतक्या ढगळ होत्या की एकेकीत एक कोंबडी मावली असती. त्याच्या हातात कॅमेरा होता. तो कॅमेरा माझा.

"पाय आपटा!" एव्लोगी गरजला. "तीनदा आपटा! मेलेली माणसं गाढ झोपलेली असतात. हळू हाक मारली तर कूस बदलतात आणि पुन्हा घोरायला लागतात!"

एकशे चाळीस माणसांनी जुन्या गालिच्यावर धाडधाड पाय आपटले. एव्लोगीने मोकळा हात डोक्यावरून दोनदा ओवाळला, काहीतरी पुटपुटला, आणि खुर्चीवर बसलेल्या त्सोनाचा फोटो काढला. फ्लॅश चमकला. सरपंच स्तोईल यांनी स्वतःच्या हाताने वायर कॅमेऱ्याला जोडली आणि टीव्हीवर चित्र उमटलं. मध्ये काळ्या रुमालातली त्सोना, आणि तिच्या डोक्यावर, खांद्यावर, गुडघ्यावर तरंगणारे पांढरे गोल. काही वाटाण्याएवढे, काही बशीएवढे.

सभागृहात एकदम "अगं बाई!" झालं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या आणि छातीवर क्रॉसची खूण केली.

"हा मोठा गोल कोण?" एव्लोगीने डोळे मिटले. "म… मि… मिंचो. ट्रॅक्टरचा वास येतोय मला. दोन वर्षं झाली का हो याला जाऊन?"

"दोन वर्षं आणि एक महिना!" त्सोनाला रडू फुटलं.

आता आमच्या रिवाजाप्रमाणे, त्सोनाचा नवरा मिंचो याच्या फोटोसकट 'दोन वर्षे झाली' असं श्रद्धांजलीचं पत्रक त्सोनाच्या फाटकावर, बस थांब्यावर आणि बेकरीच्या दारावर महिनाभर चिकटवलेलं होतं. फोटोतही मिंचो ट्रॅक्टरवरच बसला होता. पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण त्यात माझाही थोडा दोष आहे.

मी नेव्याना, या वाचनालयाची ग्रंथपाल. साठ वर्षांची झाले तेव्हा मीच मला एक भेट द्यायचं ठरवलं आणि प्लोव्दिव शहरात जाऊन दुकानातला सगळ्यात स्वस्त डिजिटल कॅमेरा आणला. चंदेरी प्लॅस्टिकचा, साबणाच्या वडीएवढा. दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि सेल असे खायचा की विचारू नका. पण त्यात व्हिडिओही निघायचा, आवाजासकट! दुकानातल्या मुलीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्या कॅमेऱ्याचं वर्णन वाचतेय. मी काढलेला पहिला व्हिडिओ खांबावरच्या करकोच्याचा. चाळीस सेकंद. करकोचा जागचा हललासुद्धा नाही, पण मी तो रोज बघायचे.

मार्चमध्ये बायकांनी वाचनालयातले गालिचे झटकले आणि मी त्यांचा आत बसून चहा पितानाचा फोटो काढला. त्यात पहिल्यांदा ते गोल दिसले. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मी सरपंचांना दाखवला, कारण ते पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी तो उताणा केला, कानाला लावून हलवला आणि म्हणाले, "नेव्यानाबाई, यंत्र ठीक आहे. परवाच पितरांचा शनिवार झाला. आपण कबरीवर उकडलेले गहू वाटले. आले असतील बिचारे आभार मानायला."

हे ते गंमत म्हणून बोलले असावेत. पण ती गंमत दारूच्या गुत्त्यात गेली आणि बाहेर येईपर्यंत खरी झाली. आठवड्याभरात तालुक्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि त्या चार ओळींच्या मागोमाग एका जुन्या पांढऱ्या गाडीतून, स्वतःला मेलेल्यांशी बोलणारा म्हणवणारा बंधू एव्लोगी आला. सोबत एक ड्रायव्हर, तो कधी गाडीतून उतरलाच नाही.

एव्लोगीने माझा कॅमेरा दोन्ही हातांनी कपाळाला लावला. "हा कॅमेरा नाही, हा उघडलेला डोळा आहे!"

सरपंचांचा मुलगा म्हणाला, "माझ्याकडे याच्या दसपट महाग कॅमेरा आहे. त्यात का दिसत नाहीत?"

"महाग कॅमेरा गर्विष्ठ असतो, बाळा. आत्मे गरिबाघरी जातात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. एकतीस वर्षं मी या गावात पुस्तकं देत होते आणि लोकांना फक्त मी घेतलेला दंड आठवायचा. आता बेकरीत मला रांगेच्या पुढे सोडत होते. "कॅमेरावाल्या बाई आल्या, जागा द्या!" ऐकायला गोड लागतं हो. म्हणून पहिल्या दोन बैठकींत मी गप्प बसले. शेजारच्या गावचे पाद्रीबाबा तेवढे चिडले होते. त्यांचं म्हणणं, आत्म्यांना यायचंच होतं तर चर्च सोडून वाचनालयात कशाला आले, जिवंत असताना तर एकानेही पुस्तक नेलं नाही.

सुरुवातीला सांगितली ती दुसरी बैठक. त्या बैठकीत मिंचोच्या गोलाने एव्लोगीच्या तोंडून त्सोनाला निरोप दिला: रक्तदाबाच्या गोळ्या टाकून दे, त्या तुझं रक्त जड करतात, त्याऐवजी बंधूंकडून विकत घेतलेलं मंतरलेलं पाणी रोज तीनदा घे.

त्सोना माझी शेजारीण. आमच्या दोघींत एकच भिंत आणि त्या भिंतीवरून चाळीस वर्षांची भांडणं. पुढच्या शुक्रवारी सकाळी ती दिसली नाही म्हणून मी गेले, तर बाई स्वयंपाकघरात नाकाला टॉवेल लावून बसलेली. टॉवेल लाल.

"त्सोना, गोळी घेतलीस?"

"टाकल्या सगळ्या. संडासात."

"वेडी का तू?"

"मिंचोने सांगितलं."

"मिंचोला काय कळतंय रक्तदाबातलं? तो तर खोकल्यावरही रकिया दारूच प्यायचा!"

"आता त्याला सगळं कळतं," त्सोना शांतपणे म्हणाली. "तो तिकडे आहे."

मी घरी येऊन डॉक्टर गान्चेवांना फोन केला. त्या आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात. त्या फोनवर ओरडल्याच. "नेव्यानाबाई, अशा गोळ्या एकदम बंद करत नाहीत! डोक्यात रक्तस्राव होईल. आजच्या आज चिठ्ठी पाठवते, गोळ्या आणवा आणि काहीही करून तिला द्या."

गोळ्या संध्याकाळपर्यंत आल्या. त्सोनाने मात्र दात घट्ट मिटले. मी गोळी चीजमध्ये दडवली, तिने ती मांजराला द्यायला घेतली. मीच धावत जाऊन मांजराला वाचवलं.

तेव्हा मी घरी बसून आयुष्यात पहिल्यांदा त्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचली. ग्रंथपाल असून! पुस्तिका नऊ भाषांत होती, बल्गेरियन सोडून. मी रशियन भागातून वाचलं. एक्केचाळिसाव्या पानावर, 'अडचणी आणि उपाय' या मथळ्याखाली, 'कॅमेरा चालू होत नाही' आणि 'सेल लवकर संपतात' यांच्या मधोमध लिहिलं होतं: फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत पांढरे गोल डाग दिसणे. कारण: हवेतली धूळ. उपाय: फ्लॅश बंद करा.

मी पुस्तिका घेऊन भिंतीपाशी धावले.

"रशियन?" त्सोना म्हणाली. "रशियनांनी तर देवालाच बंदी घातली होती. ते आत्म्यांबद्दल खरं लिहितील होय!"

म्हणजे कागदाने भागणार नव्हतं. मग मी त्या चंदेरी वडीकडे बघितलं आणि मला माझा करकोचा आठवला. एव्लोगीला या कॅमेऱ्याचं एकच बटण माहीत होतं, फोटोचं. वरची गोल चकती एक घर फिरवली की हाच कॅमेरा पाहतो आणि ऐकतोही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्येक बैठकीआधी एव्लोगी अर्धा तास सभागृहात एकटा बसायचा, कॅमेऱ्यापुढे प्रार्थना करायला. दार बंद. भुकेल्या पोटी प्रार्थना होत नाही म्हणून शेजारी खाण्याचं ताट. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिसऱ्या बैठकीआधी मी नवे सेल घातले, चकती फिरवली, कॅमेऱ्याची मागची स्क्रीन बंद केली, पुढच्या लाल दिव्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि कॅमेरा पुस्तकांच्या कपाटात, विश्वकोशाच्या दोन खंडांच्या मध्ये ठेवला.

"आज इथून प्रार्थना करा, बंधू," मी म्हणाले. "टेबलाला ओल आली आहे."

"जशी आत्म्यांची इच्छा," तो म्हणाला, आणि ताटावरचा रुमाल उचलून बघितला.

पंचवीस मिनिटांनी मी आत गेले. "सेल बदलायला आले. फार खातो हो हा." मी कॅमेरा घेतला, पाठ वळवली आणि रेकॉर्डिंग थांबवलं. तोवर दार उघडलं होतं आणि गाव आत येत होतं. डॉक्टर गान्चेवाही आल्या होत्या, शनिवार असूनही, स्वतःच्या गाडीने. त्या दाराजवळ बॅग मांडीवर घेऊन बसल्या. मी सरळ पिवळी वायर जोडली.

"बाई, आधी फोटो!" सरपंच म्हणाले. "आत्मे अजून आले कुठे?"

"आज आधीच आलेत," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

टीव्हीवर एव्लोगी दिसला. चित्र कसलं, नुसते चौकोन चौकोन, पण ढगळ बाह्या ओळखू येत होत्या. तो प्रार्थना करत नव्हता. त्याने खिशातून एक डबा काढला आणि चमच्याने उजव्या बाहीत पीठ भरलं. मग डाव्या बाहीत. हात डोक्यावरून ओवाळून बघितला. पिठाचा एक बारीक ढग उठला. त्याला शिंक आली.

पहिल्या रांगेतल्या माणसांनी खुर्च्या टीव्हीच्या जवळ ओढल्या.

मग टीव्हीवरच्या एव्लोगीने वही काढली आणि मोबाइल कानाला लावला. "हां, लिहून घे. चौदा नंबरचं फाटक, इवांका, वय ब्याऐंशी, फोटोत चष्मा आहे. बेकरीच्या दारावर एक नवा लागलाय, शिक्षक, त्याला चाळीस दिवस झालेत. त्याची बायको आज येईल. म्हणजे 'खडूचा वास येतोय' म्हणतो."

शिक्षकांची विधवा तिसऱ्या रांगेत होती. तिने हातातला रुमाल तोंडात कोंबला.

"थांबवा हे!" खराखुरा एव्लोगी उभा राहिला. "हे यंत्र भ्रष्ट झालंय! लोकहो, हाच कॅमेरा आत्मे दाखवत होता तेव्हा खरा होता ना? मग आज हाच कॅमेरा माझ्या हाताला पीठ दाखवतो तर तो खोटा! दोन्ही एकदम खरं कसं असेल?"

लोकांत चुळबुळ झाली. सरपंचांनी डोकं खाजवलं. मुद्दा त्यांना पटल्यासारखा दिसला.

"दोन्ही खरंच आहे," मी म्हणाले. एकशे चाळीस माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. "कॅमेऱ्यापुढे पीठ होतं, त्याने पीठ दाखवलं. त्याने कधी सांगितलं नाही की हा मिंचो आहे. ते तुम्ही सांगितलंत."

"पीठ अभिमंत्रित आहे! आत्म्याला देह नसतो, तो पिठावर येऊन बसतो!"

आणि अजून काही माणसांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. हे लोक पिठावरही विश्वास ठेवतील.

पण व्हिडिओ चालूच होता. टीव्हीवरचा एव्लोगी आता ताट पुढे ओढून बसला होता. त्सोनाने पहाटे उठून केलेली बनित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाजलेली पोळी, त्यात होती. त्याने एक घास खाल्ला आणि फोनमध्ये म्हणाला, "त्या ट्रॅक्टरवाल्याच्या बाईने पुन्हा पाठवलीय. मधे कच्ची आणि चीज नुसतं मिठाचा खडा. नवरा हिची बनित्सा खाऊनच मेला असणार."

त्सोना उठली. सावकाश, खुर्चीच्या पाठीला धरून. तिच्या बनित्साला तालुक्यात दोनदा बक्षीस मिळालं होतं.

"कच्ची?" ती म्हणाली.

"माते, हा सैतानाचा आवाज आहे—"

"पीठ अभिमंत्रित असेल तर असू दे," त्सोना म्हणाली. "मीही पिठातलीच बाई आहे. आण गं नेव्याना, मागच्या खोलीतून चाळणी आण. आणि सणाचं पीठ उरलंय ते आण. ते कुणी मंतरलेलं नाही, मी गिरणीतून आणलंय."

मी आणलं. त्सोनाने चाळणी हातात घेतली आणि सभागृहावर नजर फिरवली.

"आता बोलवायचं कुणाला? मेलेल्याला बोलावलं तर हा म्हणेल आला. जिवंत माणूस हवा." तिची नजर पहिल्या रांगेत थांबली. "सरपंच, या खुर्चीवर बसा."

"मी कशाला?"

"तुम्ही जिवंत आहात की नाही?"

"आहे तर!"

"मग बसा."

सरपंच बसले. त्सोनाने माझ्या कॅमेऱ्यापुढे चाळणी एकदा हलवली, मी चकती परत फिरवून बटण दाबलं. टीव्हीवर सरपंच स्तोईल दिसले आणि त्यांच्याभोवती पन्नास-साठ पांढरे गोल.

"अरे देवा," मागून एक म्हातारा म्हणाला, "आपले सरपंच गेले!"

"साठ वेळा गेले!" दुसरा ओरडला, आणि तिथे जे हसू फुटलं ते मी अजून विसरले नाही. सरपंच आधी रागावले, मग स्वतःच्या साठ आत्म्यांकडे बघून तेही हसायला लागले.

मग आम्ही अंगणात गेलो. दुपारी पाऊस पडून गेला होता, हवा धुतल्यासारखी होती. फ्लॅश लावून दहा फोटो काढले. एकाही फोटोत गोल नाही. एव्लोगी म्हणाला, आत्म्यांना ओलावा सोसत नाही. तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही.

डॉक्टरबाईंनी तिथेच सगळ्यांना समजावलं, आणि त्या समजावताना मलाही नीट कळलं. या स्वस्त कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो. धुळीचा कण भिंगासमोर बोटभर अंतरावर आला की त्याच्यावर लख्ख उजेड पडतो, पण इतक्या जवळचं भिंगाला स्पष्ट दिसत नाही. म्हणून तो कण पसरून मोठा गोल होतो. सरपंचांच्या मुलाच्या मोठ्या कॅमेऱ्यात फ्लॅश वर, लांब असतो. म्हणून त्यात दिसत नाही. गर्वाचा त्यात काही संबंध नाही. पाय आपटायला लावायचे ते गालिच्यातली धूळ उठावी म्हणून, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बाहीतलं पीठ.

एव्लोगीने पळायला बघितलं, पण त्याचा ड्रायव्हर त्याच्याही आधी पळाला होता, गाडीसकट. सूट झटकत, पावलागणिक पिठाचा ढग उडवत तो बस थांब्यावर जाऊन बसला. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी बस नसते, हे त्याला कुठल्याच फाटकावर वाचायला मिळालं नव्हतं. तालुक्याचे पोलीस आले तेव्हा तो तिथेच होता.

डॉक्टरबाईंनी त्सोनाच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला आणि आकडा तिला सांगितला नाही, मला सांगितला. मग त्सोनाने गोळी घेतली, पाण्याबरोबर, तोंड वाकडं करून. गावातल्या आणखी चौघांनी तेव्हाच कबूल केलं की त्यांनीही कसलीकसली औषधं टाकली होती. डॉक्टरबाईंची चिठ्ठ्यांची वही संपली.

लोक घरी गेले. त्सोना आणि मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, ती बनित्सावर बोलेल.

"नेव्याना," ती म्हणाली, "मिंचोचा गोल आला त्याच दिवशी मला शंका आली होती."

"मग?"

"तो म्हणाला, मिंचो विचारतोय, तुझे हात दुखतात का गं? अगं, चाळीस वर्षांत मिंचोने मला असं कधी विचारलं नाही. चांगला होता, पण असलं विचारणारा नव्हता." तिने पिठाने माखलेले हात एप्रनखाली घेतले. "मला कळलं होतं हा तो नाही. पण ऐकायला बरं वाटलं."

मी तिचा हात धरला, आणि तो खरंच सुजलेला होता. सांध्यांवर गाठी आल्या होत्या. एवढी वर्षं भिंतीपलीकडून मी तो हात बघत होते आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"दुखतात का?" मी म्हटलं.

"फार दुखतात," ती म्हणाली. "विशेषतः सकाळी."

मंगळवारी ते हातही डॉक्टरांना दाखवायचं ठरलं.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्सोना मूर्ख नव्हती. आमचं गावही मूर्ख नव्हतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला ते परत हवं असतं, आणि ते साहजिक आहे. मूर्ख म्हणायचंच तर मला म्हणा. यंत्र माझं, पुस्तिका माझ्या कपाटात, आणि मी ती वाचली कधी, तर शेजारणीच्या नाकातून रक्त आल्यावर. तेव्हा कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला तर लगेच हात जोडू नका आणि लगेच शिव्याही देऊ नका. तोच प्रयोग दिवसाउजेडी, दुसऱ्या जागी, स्वतःच्या हाताने करून बघा. करू देत नसेल तर का देत नाही ते विचारा. आणि कोणताही आत्मा, बाबा किंवा पाहुणा औषध बंद करायला सांगत असेल, तर त्याला आधी डॉक्टरांसमोर आणून बसवा.